मुठीत मावणारा थाट

किमोनोला खिसे नसतात. तंबाखूची चंची, पैशांची पिशवी, औषधी गोळ्यांची ‘इन्रो’ नावाची लाखकाम केलेली डबी, हे सगळं जपानी पुरुष दोरीला बांधून कमरेच्या ‘ओबी’ पट्ट्याला लटकवत. दोरी पट्ट्याखालून वर घ्यायची आणि ती निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक गुंडी ओवायची. ही गुंडी म्हणजे नेत्सुके.

एदो काळात (१६०३–१८६८) या गुंडीची कलावस्तू झाली. कुणी काय ल्यावं यावर तोकुगावा राजवटीचे निर्बंध होते. व्यापाऱ्यांच्या हाती पैसा होता, मान मात्र नव्हता. मग त्यांची सगळी हौस कमरेवरच्या या चिमुकल्या वस्तूंवर उतरली.

नेत्सुके हस्तिदंतातही कोरत, पण जपानात हत्ती नाहीत. हस्तिदंत परदेशातून येई. शामिसेन हे तंतुवाद्य छेडण्याच्या रुंद ‘बाची’ कापताना उरलेले तुकडेही कोरक्यांच्या कामी येत. बॉक्सवुडसारखं घट्ट लाकूडही त्यांना प्रिय होतं.

१७८१ मध्ये ओसाकाच्या इनाबा त्सूर्यूने ‘सोकेन किशो’ या तलवारींच्या साजावरच्या ग्रंथात पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद केली. त्यात क्योतोचा तोमोतादा आहे. त्याच्या हस्तिदंती बैलांना इतकी मागणी होती, की बाजारात नकला निघाल्या. त्याचा बसलेला बैल पाहावा: पाय पोटाशी दुमडलेले, शेपूट अंगाला चिकटलेली, वेसणीची दोरी पाठीवरून गेलेली. बाहेर आलेलं शिंग किंवा खूर रेशमात अडकलं असतं, नाहीतर मोडलं असतं. म्हणून कोरक्याला सगळा जिवंतपणा गोलाव्यातच बसवावा लागे. तळाशी दोरीसाठी दोन भोकं. त्यातलं एक बहुधा मोठं, गाठ आत दडावी म्हणून. तळही तितक्याच निगुतीने कोरलेला असे.

१८६८ नंतर पाश्चात्त्य कपडे आले, खिसे आले, सिगारेटही आली. गिऱ्हाईक परदेशी झालं. पॅरिसच्या शार्ल एफ्रुसीने १८७० च्या दशकात घेतलेली २६४ नेत्सुके पुढे व्हिएन्नाला गेली. १९३८ मध्ये नाझींनी तिथलं एफ्रुसी कुटुंबाचं घर लुटलं, तेव्हा आना नावाच्या मोलकरणीने ती आपल्या गादीत लपवून वाचवली. याच घराण्यातल्या एडमंड द वाल यांनी २०१० मध्ये ही हकीकत पुस्तकरूपात सांगितली.

हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला. आजचे कोरके लाकूड, सांबरशिंग, मॅमथचे दात वापरतात. त्यांची नेत्सुके बहुतेक संग्राहकांच्या कपाटात जातात. तरी दोरीची भोकं ते आवर्जून पाडतात.