टोपलीतला नाग

औरंगाबादला आमच्या गल्लीत नागपंचमीला गारुडी यायचा. नाग दूध पितोय म्हणत आजी हात जोडायची, मीही जोडायचो. पुढे कळलं, सापाला दूध पचत नाही. सणाआधी त्याला उपाशी-तहानलेला ठेवतात, विषाचे दात काढतात. मग तो समोर येईल ते पितो.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय नाग पकडणं, बाळगणं गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजाही न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे थांबवली. २०२२च्या दुरुस्तीने नाग पहिल्या अनुसूचीत गेला. आता शिक्षा किमान ३ वर्षं तुरुंगवास.

गारुड्याला दोष देणं सोपं आहे. पण दुधाची वाटी आणि रुपया आम्हीच पुढे करत होतो.