बडोद्याचा करार

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत प्रवेशाची एक रीत आहे. तिला 'अर्ली डिसिजन' म्हणतात. विद्यार्थ्याने साधारण नोव्हेंबरात एकाच महाविद्यालयाकडे असा अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर तिथेच येईन, असे लेखी वचन द्यायचे. बाकीचे अर्ज मग मागे घ्यायचे. ज्याला आर्थिक मदत हवी आहे त्याची इथे कोंडी होते. मदत अगदीच अपुरी पडली तर वचनातून सुटका मिळते. पण चार ठिकाणची मदत ताडून पाहावी, ही सोय राहत नाही. यवतमाळच्या कापूसकरी घरातल्या मुलाला हे सारे नवे वाटेल. पैशासाठी आधी शब्द देऊन बसणे मात्र आपल्याकडे चांगलेच जुने आहे.

४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर या बावीस वर्षांच्या पदवीधराने बडोदा संस्थानाशी करार केला. कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे होते. ठरवून दिलेले विषय शिकायचे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, ही अट होती. वडील रामजी सुभेदार त्याच फेब्रुवारीत वारले होते. मागे संसार होता. दुसऱ्या कुणाचा देकार हातात नव्हता, मग तुलना कशाशी करणार?

सयाजीराव गायकवाडांचे औदार्य मोठेच. त्यांच्या मदतीवाचून आंबेडकर त्या वेळी न्यूयॉर्कला पोचते ना. १९१५ साली त्यांनी एम.ए. केले, १९१६ मध्ये लंडनला प्रवेश घेतला, आणि तिथला अभ्यास अर्धा असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. कचेरीतले शिपाई फायली दुरून फेकत. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचे सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा! सामान घेऊन बाहेर पडावे लागले. दहा वर्षे सेवा करीन, हे त्यांच्याकडून लिहून घेतले होते. त्या दहा वर्षांत त्यांनी राहायचे कुठे, हे कुणी लिहिले नव्हते. मला तरी कराराची खरी उणीव इथेच दिसते.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले ते सिडनहॅम महाविद्यालयातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भठेना यांचे कर्ज घेऊन. १९२३ साली डी.एस्सी. झाली.

गंमत अशी, की त्याच १९२० साली आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले पंजाबराव देशमुखही विलायतेला गेले. त्यांच्यामागे कुठले संस्थान नव्हते. पापळचे वडील शामराव यांनी त्यासाठी शेतजमीन गहाण टाकली. म्हणजे वचन इथेही होते, फक्त ते सावकाराला दिलेले. मुलगा नापास झाला असता तर जमीन गेली असती. पंजाबराव बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन परतले, १९२७ मध्ये अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था उभारली.

('आकाशवाणी'वरील भाषणाचा संपादित अंश)