टेंपो ट्रॅक्स व ट्रॅव्हलर यांचे डीझेल एंजिन

टेंपो ट्रॅक्स, क्रूझर व ट्रॅव्हलर या प्रवासी वाहनांत बसविले जाणारे चार सिलिंडरांचे, जलशीतित डीझेल एंजिन. लातूर जिल्ह्यातील रेणापूर तालुक्यात जेथे एस. टी. दिवसातून मोजक्याच वेळा फिरकते, तेथील दळणवळणाचा पुष्कळसा भार या एंजिनाने वाहिला आहे. तेथील पिंपळफाट्यावरून लातूरकडे वा अंबाजोगाईकडे माणसे नेणारी काळीपिवळी, लग्नसराईत वऱ्हाड वाहणारी क्रूझर आणि नवरात्रात तुळजापूरची वारी घडविणारी ट्रॅव्हलर ही सर्व एकाच यांत्रिक घराण्याची अपत्ये होत. ‘गाडीला मर्सिडीजचं इंजन हाय’ असे चालक अभिमानाने सांगतो, त्यात अतिशयोक्ती अल्प आहे.

हे घराणे जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीचे. यातील मूळ एंजिनाच्या ‘ओएम 616’ या नावातील ‘ओएम’ ही अक्षरे तेल-एंजिन या अर्थाच्या जर्मन शब्दाची आहेत. 1973 मध्ये मर्सिडीजच्या ‘240 डी’ या मोटारीत ते प्रथम आले. इकडे नवलमल फिरोदिया यांनी हॅम्बुर्गच्या टेंपो कारखान्याशी करार करून 1958 मध्ये बजाज टेंपो कंपनी स्थापिली होती. त्या कारखान्याचे नाव पुढे मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनामच होऊन बसले, इतके की ‘टेंपो’ हे विशेषनाम होते हे आज सांगावे लागते. पुण्याजवळ आकुर्डी येथे मुख्य कारखाना असलेल्या या कंपनीने 1980 च्या दशकात बेंझच्या परवान्याने ओएम 616 चे उत्पादन आरंभिले. 2005 मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले.

1978 नंतरच्या मूळ जर्मन एंजिनाच्या सिलिंडराचा व्यास 90.9 मिमी., दट्ट्याची धाव 92.4 मिमी. आणि एकूण घनफळ 2,399 घ. सेंमी. असे. संपीडन गुणोत्तर 21 : 1. इंधन सरळ सिलिंडरात न जाता प्रथम माथ्यातील एका लहानशा पूर्वज्वलन कक्षात फवारले जाते व तेथे पेटून मग दट्ट्यावर उतरते. त्यामुळे ज्वलनाचा आघात सौम्य होतो, मात्र थंडीत सुरू करण्यापूर्वी हीटर प्लग तापवावे लागतात. झडपांचा दंड माथ्यावर असून त्याला दुहेरी साखळी फिरविते. रबरी पट्टा अकस्मात तुटून झडपा दट्ट्यावर आपटण्याचे जे संकट इतर अनेक एंजिनांत मुदतीगणिक डोके वर काढते, ते येथे जवळजवळ नाही. साखळी ताणते, कुरकुरते आणि पुरेशी सूचना देते. 1978 नंतरच्या जर्मन मोटारींत या एंजिनाची शक्ती 72 अश्वशक्ती व परिबल 137 न्यूटन-मीटर एवढेच होते, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य या माफकपणातच आहे.

पुढे याच घराण्यातील एंजिनांना टर्बो जोडला गेला. टर्बोचे तत्त्व असे की, बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त धुराने एक चाक फिरवावे व त्याच आसावरील दुसऱ्या चाकाने हवा दाबून सिलिंडरात कोंबावी, म्हणजे तेवढ्याच आकारमानात अधिक इंधन जळते. दाबल्याने तापलेली हवा इंटरकूलर थंड करतो. ट्रॅव्हलरमध्ये आलेली 2,596 घ. सेंमी. ची कॉमन-रेल (सर्व सिलिंडरांना एकाच उच्चदाबाच्या नळीतून इंधन पुरविणारी) आवृत्ती 115 अश्वशक्ती आणि मिनिटाला 1,400 ते 2,200 फेऱ्यांच्या दरम्यान 350 न्यूटन-मीटर परिबल देते. म्हणजे घनफळ जेमतेम आठ टक्क्यांनी वाढले असता परिबल अडीच पटींवर गेले. चढावर गिअर बदलण्याचा त्रास यामुळे वाचला हे खरे; परंतु माथा, गॅस्केट व बेअरिंगे यांवरील ताण वाढल्यामुळे जुन्या एंजिनाने निमूटपणे सोसलेली हयगय नवे सोसत नाही.

विश्वसनीयतेच्या संदर्भात ग्रीसमधील थेसालोनिकी येथील एका टॅक्सीचा दाखला नेहमी दिला जातो. त्या 240 डी ने 46 लाख किमी. प्रवास केला व 2004 मध्ये ती मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. दाखला देणारे बहुधा एवढे सांगावयाचे विसरतात की, तिच्या मालकाने एंजिने आलटून-पालटून उतरवली, दुरुस्त केली आणि पुन्हा चढविली होती. एंजिन अमर नव्हते. दुरुस्तीस सुलभ होते. मूळ जर्मन एंजिनात झडपांची फट थंड स्थितीत अंतर्गामी बाजूस 0.10 व बहिर्गामी बाजूस 0.30 मिमी. ठेवावयाची असते, आणि हे काम दोन पाने व एक फीलर गेज यांवर भागते. यांत्रिक पंपाच्या एंजिनास एकदा चालू झाल्यावर विजेची गरज उरत नाही. नाशिकच्या सातपूर येथे मायको कंपनीच्या कारखान्यात डीझेलची नोझले दीर्घकाळ बनत आली, सबब त्या कामाची जाण असलेले मिस्त्रीही महाराष्ट्रात दुर्मिळ राहिले नाहीत. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 प्रदूषण-नियमांनंतर मात्र संवेदक व संगणक यांवरील भिस्त आणखी वाढली, आणि दोष शोधण्यास कानाऐवजी स्कॅनर लागू लागला.

रेणापूरकडे या एंजिनाचा पहिला शत्रू अंतर नव्हे, पाणी होय. खोल विंधनविहिरीचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतीत राहिल्यास नळ्यांत व सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत खडूसारखा थर साचतो. एप्रिल-मेच्या उन्हात, क्षमतेबाहेर माणसे भरलेल्या गाडीत, त्याची परिणती माथा वाकण्यात व गॅस्केट जाण्यात होते. ज्या लातूर शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात रेडिएटरसाठी शुद्ध पाण्याची अपेक्षा चैनीची वाटेल. तथापि ठरावीक मुदतीने कुलंट भरण्याचा खर्च माथा घासून घेण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. दुसरा शत्रू धूळ. काळ्या मातीची कच्ची वाट आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा यांनी एअर फिल्टर लवकर तुंबतो, गाडी काळा धूर ओकते व ओढ कमी होते. फिल्टर झटकून तोच फाटेपर्यंत वापरल्यास धूळ टर्बोची पाती व पुढे दट्ट्याच्या रिंगा खाते.

टर्बोचा आस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो व तो केवळ वंगणाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून ऑइल व त्याचा फिल्टर मुदतीत बदलणे, आणि लांब पल्ल्यानंतर एंजिन एखादे मिनिट संथ चालवून मगच बंद करणे आवश्यक ठरते. अन्यथा तप्त आसावर ऑइल करपून कोळसा धरते. टर्बोचे सील गेल्यास निळा धूर येतो. क्वचित एंजिन स्वतःचेच ऑइल ओढून चावी काढल्यावरही बेफाम धावत सुटते. अशा वेळी हवेची वाट रोखणे वा वरच्या गिअरात ब्रेक दाबून क्लच सोडणे हाच इलाज. कॉमन-रेल एंजिनात डीझेलमधील पाणी घातक असते, तेव्हा फिल्टरखालचा निचरा उघडून ते वेळोवेळी काढावे.

जुनी गाडी घेणाऱ्याने पहाटे, मालकाने चावी लावण्यापूर्वी जावे. पूर्ण थंड एंजिन किती फिरवल्यावर पेटते व पांढरा धूर किती वेळ टिकतो हे पाहावे. मग चालू एंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून ठेवावे. ते जागेवर किंचित थरथरले तर ठीक; भपकाऱ्याने उडाले तर रिंगा झिजल्या असे समजावे. बॉनेटला हात लावताच ते कोमट लागले, तर सौदा दुसऱ्या पहाटेवर टाकावा.