रँग्लर : एका बिरुदाची कुळकथा

दापोलीनजीकच्या मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ साली केंब्रिजच्या गणितपरीक्षेत पहिला क्रमांक, एका इंग्रज सहाध्यायाबरोबर विभागून का होईना, पटकाविला, आणि तेव्हापासून 'रँग्लर' हे बिरुद महाराष्ट्रात त्यांच्या आडनावाला कायमचे चिकटले. परंतु ज्या शब्दाचा आपण इतक्या अदबीने उच्चार करीत आलो त्याचा मूळ अर्थ 'हुज्जत घालणारा' असा आहे, हे फारच थोड्यांच्या ध्यानी असेल.

केंब्रिजमध्ये पदवीची सनद एके काळी लेखणीने नव्हे, जिभेने मिळवावी लागे. उमेदवाराने लॅटिन भाषेत एखादा सिद्धान्त मांडावा, प्रतिपक्षाने त्यावर आक्षेपांची सरबत्ती करावी, आणि मध्यस्थाने दोहोंचे तारतम्य ठरवावे, असा दस्तूर होता. आपल्याकडील शास्त्रार्थात पूर्वपक्षाचे खंडन करून सिद्धान्त स्थापावा लागे, त्याच्याशी याचे नाते स्पष्ट दिसते. पदवीदानाच्या समयी तिपाईवर बसून उमेदवारांची टवाळी करणारा एक विदूषकी वादपटूही असे, आणि त्या तिपाईवरूनच 'ट्रायपॉस' हे परीक्षेचे नाव रूढ झाले. एवढ्या भारदस्त परीक्षेचे नाव एका बैठकीच्या लाकडावरून यावे, यात मला तरी मौज वाटते.

पुढे न्यूटनच्या गणिताचे प्रस्थ वाढले. समीकरण काही वक्तृत्वाने सुटत नाही. शिवाय शेकडो उमेदवारांची गुणानुक्रमे प्रतवारी लावावयाची, तर वादसभेपेक्षा कागदाचा पुरावा अधिक भरवशाचा. त्यामुळे अठराव्या शतकात लेखी उत्तरांचा शिरकाव झाला. प्रारंभी प्रश्न तोंडी सांगत, छापील प्रश्नपत्रिका मागाहून आली, आणि वाद हळूहळू बाद झाला. अभिजात भाषांची लेखी परीक्षा १८२४ मध्ये, निसर्गविज्ञानाची व नीतिशास्त्राची १८५१ मध्ये सुरू झाली; १८५८ साली हेच विद्यापीठ शाळकरी मुलांच्या परीक्षा घेऊ लागले; आणि इंग्लंडातील शाळांच्या शेवटच्या इयत्तेची 'ए लेव्हल' ही परीक्षा १९५१ मध्ये अस्तित्वात आली.

गुणानुक्रमाची जाहीर यादी १९०९ नंतर बंद पडली. 'रँग्लर' ही पदवी मात्र पहिल्या श्रेणीच्या गणितज्ञाला अद्याप मिळते. प्रतिपक्ष सभेतून उठून गेला, तरी प्रश्नपत्रिकेतून गेलेला नाही: 'साधकबाधक चर्चा करा' या आज्ञेखाली इतिहासाचा परीक्षार्थी घड्याळाकडे चोरट्या नजरेने पाहात दोन्ही पक्षांचे वकीलपत्र एकटाच घेतो, आणि आपणच घेतलेल्या आक्षेपांना पुरवणीच्या तिसऱ्या पानावर आपणच उत्तर देतो.