१११११११११ चा वर्ग इतका सुंदर का दिसतो? उत्तर 'हातचा' मध्ये आहे

नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. ही १७ अंकी संख्या 'गणिताचा चमत्कार' म्हणून व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असते. पण यात चमत्कार नाही. आणि या संख्येचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे.

असं का होतं?

शाळेत करायचो तसा उभा गुणाकार मांडा. एकाखाली एक नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळीत नुसते १ असतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. आता बेरीज करताना उजव्या टोकाला एकच १ आहे, पुढच्या घरात दोन, मग तीन. मधल्या घरात नऊ, आणि तिथून पुन्हा उतार. कुठेच हातचा येत नाही, म्हणून नक्षी टिकते.

ही नक्षी कायम चालते का?

नाही. दहा वेळा १ घेतले की मधल्या घरात १० होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं बिघडतं.

महाराष्ट्राचा संबंध काय?

१, ११, १११ अशा संख्यांच्या वर्गांना 'डेमलो संख्या' म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी त्यांचा अभ्यास केला. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेच्या डेमलो स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव.

१९०५ मध्ये डहाणूत जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नसल्याने देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम गांभीर्याने घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि जग त्यांना ओळखू लागलं.

आणखी एक गंमत

या संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो! उत्तर येतं १२३४५६७९ चा वर्ग. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, संख्या म्हणतात. हे नावही कापरेकरांचंच.

तिचे मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. यातला ३ चार वेळा येतो, बाकीचे दोन-दोन वेळा.

पडताळायचं कसं?

एक्सेलवर विसंबू नका. तिथे १५ अंकच नेमके राहतात, म्हणून शेवटी ३२१ ऐवजी ३०० दिसतं. कागद-पेन घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि पुढच्या वेळी हा मेसेज आला, तर फॉरवर्ड करताना देवळालीच्या त्या शिक्षकाचं नावही जोडा.