पुतळी माळ : दागिन्यातून इतिहास कसा वाचावा

बेळ्ळंदूरच्या एखाद्या मराठी घरात पणजीची पुतळी माळ जपलेली असेल, तर तिच्यातली एक पुतळी भिंगाखाली धरून पाहावी. ही गोल चकती मुळात व्हेनिसचे डुकाट हे नाणे. ते १२८४ पासून पाडले जाई, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त. मसाल्याच्या व्यापारातून ही नाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. सोने जवळजवळ शुद्ध, म्हणून लोकांचा त्यांवर विश्वास बसला, आणि आकृत्यांवरून ‘पुतळी’ हे नाव पडले.

१७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक संपवले, पण पुतळी संपली नाही. इथले सोनार ठसे कोरून तिच्या नकला करतच राहिले. लॅटिन न येणाऱ्या कारागिराच्या हातून अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. आज संग्राहक स्थानिक घडण ओळखतो ती बहुधा याच रेघांवरून.

घडवणारा कोण, हे मात्र कळत नाही. एकोणिसाव्या शतकात रोमचे कास्तेल्लानी घराणे आपल्या दागिन्यांवर स्वतःची खूण उमटवत असे आणि त्या खुणेला आजही किंमत मिळते. आपल्याकडे व्यवहार तोळ्यावर. बेंगळुरूचा अव्हेन्यू रोड काय किंवा पुण्याचा लक्ष्मी रोड काय, जुना दागिना मोडीत दिला की घट वजा होते, उरलेल्या सोन्याचा भाव मिळतो आणि घडण मुशीत वितळते.

कारागिरावर मोठा घाव घातला तो सुवर्ण नियंत्रणाने. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात नवे दागिने १४ कॅरटपर्यंतच घडवण्याचे बंधन आले. २२ कॅरटवर हात बसलेल्या असंख्य सोनारांचा धंदा बसला. पुढे १९६८ चा कायदा आला, तो १९९० मध्ये रद्द झाला. तोवर अनेक घरांतली परंपरागत विद्या तुटली होती.

२०२१ पासून हॉलमार्कमध्ये प्रत्येक दागिन्याला सहा अंकाक्षरांचा क्रमांक मिळतो. त्यावरून सराफाची नोंदणी आणि शुद्धता कळते. कारागिराचे नाव तिथेही नाही.

म्हणून माळ मोडीत देण्यापूर्वी प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, वजन लिहावे आणि ती कोणत्या गावच्या सोनाराकडून, कोणाच्या लग्नात आली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावे.