भिंतीतला फ्रिज : किंमत किती, उपयोग किती?

मराठी मध्यमवर्गीय घरात फ्रिज आला तेव्हा त्याला अनेकदा स्वयंपाकघरात नव्हे, तर दिवाणखान्यात जागा मिळाली. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवण्यास सुरुवात केली आणि त्यानंतरची दोन-तीन दशके फ्रिज ही आल्यागेल्याला दिसावी अशीच वस्तू होती. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि दाराच्या मुठीला कापडी आवरण असा तिचा थाट असे. आता वारे नेमके उलट दिशेने वाहू लागले आहे. नव्या सदनिकेचे इंटिरिअर करून घेणाऱ्या कुटुंबापुढे जे अंदाजपत्रक येते, त्यात फ्रिज कपाटाच्या शटरमागे दडवण्याचा पर्याय असतो आणि या दडवण्याची किंमत साध्या फ्रिजच्या पाच-सात पट, क्वचित वीस पटही असते.

अशा फ्रिजला बाजारात 'बिल्ट-इन' म्हणतात. मॉड्युलर किचनमधील कपाटांची खोली साधारण साठ सेंटिमीटर असते. नेहमीचा फ्रिज त्याहून खोल असल्याने तो ओळीच्या बाहेर डोकावतो. बिल्ट-इन फ्रिज या साठ सेंटिमीटरांत बसतो आणि त्याच्या दारावर किचनच्याच रंगाचे शटर चढवले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला तो भांड्यांच्या कपाटासारखाच दिसतो. ही कल्पना रुजवण्यात अमेरिकेतील सब-झीरो या कंपनीचा वाटा मोठा आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात वेस्टी बाकी यांनी १९४५ मध्ये ही कंपनी स्थापन केली. युरोपात लीबहेर, मीले, गागेनाऊ, बॉश, सीमेन्स ही नावे या क्षेत्रात परिचित आहेत. यांपैकी लीबहेरने महाराष्ट्रात, छत्रपती संभाजीनगरजवळ, फ्रिजचा कारखानाही उभारला आहे.

किमतींचा अंदाज घ्यायचा तर तीनशे लिटरच्या आसपासचा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज साधारण तीस ते पन्नास हजार रुपयांत येतो. भिंतीत बसणारा युरोपीय धाटणीचा फ्रिज लाखाच्या पुढे सुरू होतो आणि नामांकित बनावटीचा असेल तर तीन-चार लाखांवर जातो. सब-झीरो किंवा गागेनाऊचे मोठे नमुने दहा लाखांच्या घरात आणि त्याही पुढे असतात. घरगुती फ्रिजवरील जीएसटी जुलै २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयात फ्रिजवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. परदेशातून तयार येणारा फ्रिज महाग वाटण्यामागे हेही एक कारण आहे.

जादा पैसे नेमके कशाचे?

विक्रेता साहजिकच 'उत्तम कूलिंग'चे गुण गातो. त्यात तथ्य आहे, मात्र ते पूर्ण नाही. साध्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडावा निर्माण करणारी जाळी एकच असते व ती फ्रीझरमध्ये असते. तिथली कोरडी हवा पंख्याने खालच्या कप्प्यांत ढकलली जाते. त्यामुळे कोथिंबिरीची जुडी दोन-तीन दिवसांत मलूल होते, उघडी राहिलेली पोळी वातड होते आणि मासळीचा वास बर्फाच्या खड्यांपर्यंत पोहोचतो. महागड्या फ्रिजमध्ये फ्रीझर आणि खालचा भाग यांचे शीतकरण वेगवेगळे ठेवलेले असते. सब-झीरोच्या अनेक नमुन्यांत तर दोन्हींना स्वतंत्र कॉम्प्रेसर असतात. दोन्हींकडची हवा एकमेकींत मिसळत नाही, म्हणून खालच्या भागात ओलावा टिकतो आणि वासही पसरत नाही.

याच्या जोडीला शून्य अंशाच्या किंचित वर तापमान राखणारा खण मिळतो. पालेभाज्या, मटार, दूध, मासळी यांना तो मानवतो. तथापि, आपल्या बाजारातील प्रत्येक भाजीला तो चालत नाही. वांगी, भेंडी, काकडी आणि केळी यांना इतकी थंडी सोसत नाही. त्यांवर डाग पडतात, त्या पिचपिचीत होतात. ज्या घरात आठवड्याची भाजी एकदम आणली जाते, तिथे या खणाचा उपयोग खराच आहे. ज्या घराच्या कोपऱ्यावर रोज भाजीवाली बसते, तिथे तो बराचसा रिकामा राहण्याचा संभव अधिक.

परंतु इथेच ग्राहकाने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वेगळे शीतकरण, शून्य अंशाचा खण, गरजेनुसार कमी-अधिक वेगाने चालणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर ही सारी वैशिष्ट्ये सुट्या उभ्या फ्रिजमध्येही मिळतात आणि तीही लाखाच्या आत वा थोडी पुढे. म्हणजे जादा रकमेतील मोठा वाटा थंडाव्याचा नसून शटरचा, मजबूत बिजागऱ्यांचा आणि त्या साठ सेंटिमीटरांत बसण्याचा असतो. तो वाटा द्यायचा की नाही, हा सौंदर्यदृष्टीचा प्रश्न आहे. विक्रेता तो तंत्राचा प्रश्न म्हणून मांडतो, एवढेच.

आकार लहान, पातेली मोठी

युरोपीय पद्धतीच्या बिल्ट-इन फ्रिजसाठी लागणारा खण साधारण ५६ सेंटिमीटर रुंद व १७८ सेंटिमीटर उंच असतो. त्यात बसणाऱ्या फ्रिजची क्षमता बहुधा अडीचशे ते पावणेतीनशे लिटर भरते. जाड इन्सुलेशन आणि कमी खोली यांमुळे आतली जागा आणखी आक्रसते. दोघांच्या संसाराला ती पुरेल. पण दुधाचे पातेले, इडलीच्या पिठाचा डबा, मळलेली कणीक, उरलेल्या आमटीचे भांडे आणि मे महिन्यात आमरसाचे पातेले असा ज्यांच्या फ्रिजचा दिनक्रम आहे, त्यांची गैरसोय होते. अनेक कुटुंबे मग वर्षभरात बाल्कनीत दुसरा साधा फ्रिज आणून ठेवतात, तेव्हा मूळ खर्चाचे प्रयोजनच उरत नाही. शोरूममध्ये जाताना घरातील सर्वांत मोठे पातेले पिशवीत घालून न्यावे. विक्रेता हसला तरी हरकत नाही.

हवा आणि उष्मा

फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकत असतो. मोकळ्या फ्रिजला ती टाकायला मागे भिंतीलगत जागा मिळते. खणात कोंडलेल्या फ्रिजला तशी जागा मुद्दाम करून द्यावी लागते. खालच्या स्कर्टिंगमधून हवा आत यावी आणि वरून बाहेर पडावी यासाठी दोन्ही ठिकाणी किमान २०० चौरस सेंटिमीटर उघडी वाट ठेवावी, असे बहुतेक युरोपीय कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते. प्रत्यक्षात झुरळे आणि उंदीर शिरतील या भीतीने सुतार स्कर्टिंग बंद करतो आणि वरची फट वाईट दिसते म्हणून तिथे पट्टी मारली जाते. मग कॉम्प्रेसर अखंड चालतो, वीजबिल वाढते आणि काही वर्षांत तोच आधी निकामी होतो. धातूची बारीक जाळी लावून वाट खुली ठेवणे हा सोपा उपाय आहे, पण तो आराखड्यातच हवा.

दुसरा मुद्दा हवामानाचा. फ्रिजच्या आतल्या बाजूच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. 'एन' वर्गाचा फ्रिज भोवतालचे तापमान १६ ते ३२ अंश असताना नीट चालावा असा बनवलेला असतो. 'एसटी' वर्गाची मर्यादा ३८ अंश, तर 'टी' वर्गाची ४३ अंश. मुंबईच्या वातानुकूलित सदनिकेत 'एसटी' निभावून जाईल. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, शेजारी गॅसची शेगडी पेटलेली असते आणि फ्रिज लाकडी खणात बंद असतो. तिथे 'टी'खालच्या वर्गाचा विचारही करू नये. परदेशी कॅटलॉगमधून फ्रिज निवडताना हे अक्षर सर्वांत आधी पाहावे. दिव्यांची रोषणाई नंतर पाहता येईल.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात शटर फुगण्याचा त्रासही असतो. फ्रिजच्या दारावर चढवायच्या शटरचे कमाल वजन कंपनीने ठरवून दिलेले असते. अठरा मिलिमीटरच्या प्लायवर जाड लॅमिनेट किंवा काच लावली की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. बिजागरी वाकते, दार पूर्ण लागत नाही आणि रबरातून गार हवा निसटत राहते. असा दोष पुष्कळदा फ्रिजचा समजला जातो, वास्तविक तो प्लायवूडचा असतो.

बिघाड झाला तर

साधा फ्रिज बिघडला की गल्लीतला मेकॅनिक तासाभरात येतो. भिंतीतल्या फ्रिजची तऱ्हा वेगळी. आधी शटर उतरवावे लागते, मग दोन माणसांनी मिळून तो खणातून ओढून काढायचा आणि काम झाल्यावर पुन्हा समपातळीत बसवायचा. वीजदाब वरखाली झाल्याने इलेक्ट्रॉनिक पट्टी जळाली आणि ती परदेशातून मागवायची झाली, तर काही आठवडे थर्माकोलच्या पेटीवर संसार चालवण्याची तयारी ठेवावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या शहरात कंपनीचा प्रशिक्षित माणूस आहे की तो मुंबई-पुण्याहून येणार, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. 'दहा वर्षांची वॉरंटी' हे शब्द बहुधा केवळ कॉम्प्रेसरपुरते असतात. पट्टी, पंखा, गॅस भरणे आणि मजुरी त्यात सहसा येत नाही.

अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबे मायदेशी परतताना घरातील महागडा फ्रिज जहाजाने पाठवण्याचा विचार करतात. तो सोडून द्यावा. तिकडची उपकरणे ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतात, तर आपल्याकडील पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही.

हिशेब

समजा, साधा चांगला फ्रिज ५० हजारांना आणि बिल्ट-इन साडेतीन लाखांना पडतो. फरक तीन लाखांचा. हे तीन लाख मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २१ हजार रुपये व्याज मिळते, म्हणजे सुमारे अडीच वर्षांच्या व्याजात आणखी एक नवा फ्रिज येतो. विजेच्या बचतीने ही दरी बुजत नाही. दोन फ्रिजच्या वार्षिक वापरात १५० युनिटांचा फरक धरला आणि युनिटला दहा रुपये मोजले, तरी बचत वर्षाला दीड हजारांचीच. तिचा अंदाज बीईईच्या तारांकित पट्टीवरील वार्षिक युनिटांच्या आकड्यावरून कोणालाही घेता येतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजसाठी ही पट्टी २०१० पासून सक्तीची आहे.

खरा धोका वेगळाच आहे. पुष्कळ कुटुंबे इंटिरिअरचा खर्च गृहकर्जातच मिळवून घेतात. तीन लाखांची ही जादा रक्कम नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जात गेली, तर तिचा मासिक हप्ता सुमारे २,७०० रुपये येतो आणि अखेरपर्यंत सुमारे साडेसहा लाख रुपये फेडले जातात. फ्रिज पंधराव्या वर्षी भंगारात गेला तरी हप्ता पुढे पाच वर्षे चालूच राहतो. नोकरीतल्या बदलीचाही विचार करावा. साधा फ्रिज टेम्पोत चढतो. भिंतीतला नव्या घराच्या खणात बसेलच असे नाही. दसरा-दिवाळीच्या एक्स्चेंज योजनांतही त्याला फारसे मोल मिळत नाही.

मग हा फ्रिज घ्यावाच कोणी? ज्यांचे घर स्वतःचे व कायमचे आहे, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एकच असल्याने फ्रिज सतत नजरेसमोर राहणार आहे, कुटुंब लहान आहे, शहरात सेवा उपलब्ध आहे आणि रक्कम कर्जातून द्यावी लागणार नाही, त्यांना तो वीस वर्षे समाधान देईल. सब-झीरोसारख्या कंपन्या तेवढेच आयुर्मान समोर ठेवून यंत्र बनवतात. अरुंद स्वयंपाकघरात ओट्यापुढची वाट दहा-पंधरा सेंटिमीटरांनी मोकळी होते, हाही खराखुरा लाभ आहे. मुंबईत त्याची किंमत कोणाला सांगायला नको. इतरांसाठी मधला मार्ग आहे. कपाटांच्या ओळीत भरपूर हवा खेळेल असा प्रशस्त खण ठेवावा, दोन्ही बाजूंना शटरच्याच रंगाच्या उभ्या फळ्या लावाव्यात आणि त्यात कमी खोलीचा सुटा फ्रिज उभा करावा. तो थोडा पुढे येईल, पण पुढील फ्रिज कोणत्याही कंपनीचा घेण्याची मुभा राहील.

निर्णय बिल्ट-इनच्या बाजूने झाला, तर आधी फ्रिजचा नमुना नक्की करावा आणि मगच सुताराला माप द्यावे. प्रत्येक कंपनीच्या खणाच्या मापात काही मिलिमीटरांचा फरक असतो आणि तेवढ्यानेही काम अडते. विजेचा प्लग फ्रिजच्या मागे न ठेवता शेजारच्या कपाटात घ्यावा, म्हणजे फ्रिज न ओढता बंद करता येतो. बिल्डरच फ्रिजसह तयार किचन देणार असेल, तर करारनाम्याच्या सुविधांच्या यादीत 'आयात केलेला फ्रिज' एवढे मोघम न लिहिता कंपनी, नमुन्याचा क्रमांक आणि लिटर नोंदवून घ्यावेत. ताब्याच्या वेळी वॉरंटीचे कार्ड ग्राहकाच्या नावाने भरलेले असावे.